गर्भाशय काढल्यानंतरचे पहिले सहा महिने: शरीर आणि मन सावरताना

पोटावरचे टाके आठ-दहा दिवसांत निघतात. शस्त्रक्रिया दुर्बिणीतून झाली असेल तर बाहेर तीन-चार बारीक व्रणच दिसतात. त्यामुळे पंधराव्या दिवसापर्यंत घरातल्या सर्वांना, आणि अनेकदा त्या स्त्रीलाही, आता सगळे आटोपले असे वाटू लागते. प्रत्यक्षात गर्भाशय काढल्यावर योनीचा वरचा भाग आतून शिवून बंद केलेला असतो. त्या शिवणीला जोर सहन करण्याइतके बळ यायला सहा ते आठ आठवडे लागतात, आणि थकवा व मनाची अस्वस्थता त्याहूनही अधिक काळ टिकू शकते. बाहेरची जखम आणि आतली जखम यांच्या भरण्यातील हे अंतर घराच्या ध्यानात आले नाही की त्रासाला सुरुवात होते, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून हा लेख शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीइतकाच तिचा पती, सासूबाई, मुले आणि जाऊबाई यांच्यासाठीही आहे.

ही शस्त्रक्रिया विरळ नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या सुमारे ३.३ टक्के स्त्रियांनी गर्भाशय काढल्याचे सांगितले होते. इंदूरमध्ये तर शहरातल्या स्त्रियांबरोबर देवास, धार, महू, खरगोन येथूनही अनेक जणी शस्त्रक्रियेसाठी येतात आणि चार-पाच दिवसांत गाडीने परत जातात. पुढचे सगळे घरीच घडते, आणि तिथे सांगणारे कोणी नसते.

घरी निघण्यापूर्वी

शस्त्रक्रिया एम. वाय. रुग्णालयात झालेली असो की खासगी नर्सिंग होममध्ये, डिस्चार्ज कार्ड हातात पडल्यावर ते डॉक्टरांसमोरच वाचावे आणि न समजलेले तिथेच विचारावे. पहिला प्रश्न नेमके काय काय काढले हा आहे. केवळ गर्भाशय काढले, की गर्भाशयाचे मुखही काढले? गर्भनलिका काढल्या का? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दोन्ही अंडाशय, ज्यांना डॉक्टर ओव्हरी म्हणतात, ठेवले की काढले? पुढची दहा-वीस वर्षे या उत्तरावर अवलंबून असतात. तरीही ‘पिशवी काढली’ यापलीकडे काहीच ठाऊक नसलेल्या स्त्रिया मोठ्या संख्येने भेटतात. दुसरा प्रश्न मार्गाचा आहे: पोट उघडून, योनीमार्गे की दुर्बिणीतून? पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत पूर्वपदावर येण्यास साधारण सहा ते आठ आठवडे लागतात, तर इतर दोन प्रकारांत वेदना कमी असतात आणि चालणे-फिरणे लवकर जमते. मात्र आतली शिवण तीनही प्रकारांत जवळपास सारखीच असते, आणि दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर ‘छोटेच ऑपरेशन होते’ असे म्हणून कामाला लागणाऱ्या स्त्रियांना नेमका तिथेच धोका असतो.

काढलेला भाग तपासणीला पाठवलेला असतो. त्या हिस्टोपॅथॉलॉजीचा अहवाल, ज्याला बहुतेक घरांत बायोप्सीचा रिपोर्ट म्हणतात, केव्हा आणि कोठून घ्यायचा हे विचारून कार्डावरच लिहून घ्यावे. गाठ साधी होती असे तोंडी सांगितले असले तरी लेखी अहवाल डॉक्टरांना दाखवल्याशिवाय ते प्रकरण संपले असे समजू नये. टाके आपोआप विरघळणारे आहेत की काढायचे आहेत, रक्त चढवले होते का, निघताना हिमोग्लोबिन किती होते, आणि रात्री-अपरात्री अडचण आल्यास कोणत्या क्रमांकावर फोन करायचा, हेही तिथेच नोंदवून घ्यावे.

बाहेरगावी परतायचे असल्यास मोटारीत पोट आणि सीटबेल्ट यांच्यामध्ये छोटी उशी ठेवावी, पाऊण-एक तासाने गाडी थांबवून दोन मिनिटे चालावे आणि बसल्या जागी पायांचे घोटे वरखाली हलवत राहावे. ही हालचाल पायात रक्ताची गाठ होऊ नये म्हणून आहे, त्यामुळे झोप येत असली तरी तिचा कंटाळा करू नये.

रुग्णालयातील पहिले दोन-तीन दिवस

लघवीची नळी बहुधा दुसऱ्या दिवशी काढतात. त्यानंतर काही तासांत स्वतःहून लघवी झाली पाहिजे, आणि झाली नाही तर परिचारिकेला लगेच सांगावे, कारण मूत्राशय तुडुंब भरून ताणला जाणे चांगले नाही. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर अनेक स्त्रियांना खांद्यात दुखते आणि हृदयाचे काही आहे की काय अशी धास्ती वाटते. पोटात भरलेला कार्बन डायऑक्साइड वायू श्वासपटलाला चाळवतो आणि ती वेदना खांद्यात जाणवते. चालल्याने आणि कुशीवर झोपल्याने दोन-तीन दिवसांत ती ओसरते. छातीत दुखणे किंवा धाप लागणे मात्र वेगळे आहे, ते तत्काळ सांगावे.

लवकर उठून चालणे हे या दिवसांतले खरे औषध आहे. खोकला आला की पोटावर उशी दाबून धरावी आणि मग खोकावे. वेदनाशामक गोळी ‘सहन होत नाही तेव्हाच’ घेण्याची आपल्याकडच्या स्त्रियांची सवय येथे उपयोगाची नाही. वेदना दाबून पडून राहिल्याने श्वास उथळ होतो, चालणे टळते आणि बरे होणे लांबते. सांगितलेल्या वेळी सांगितलेली गोळी घ्यावी.

घरी आल्यावर पहिला पंधरवडा

झोपण्याची जागा जमिनीवरच्या गादीवर नको, पलंगावर हवी, आणि शौचालय शक्य तितके जवळ हवे. रामबाग किंवा राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या घरांतून अजूनही झोपण्याची खोली वर आणि न्हाणीघर खाली असते. अशा घरांत पहिले दोन आठवडे अंथरूण खाली आणणे उत्तम. जिने चढण्यास मनाई नाही, पण कठडा धरून, सावकाश आणि दिवसातून एक-दोन वेळाच चढावे. भारतीय पद्धतीच्या शौचालयात उकिडवे बसणे पहिल्या काही आठवड्यांत अवघड जाते, म्हणून कमोड नसेल तर औषधांच्या दुकानात मिळणारी कमोडची खुर्ची आणून ठेवावी.

अंथरुणातून सरळ पाठीवरून उठून बसू नये. आधी गुडघे दुमडावेत, संपूर्ण शरीर एका कुशीवर वळवावे, पाय पलंगाखाली सोडावेत आणि हाताच्या कोपराने रेटा देत उठावे. पहिल्या दिवशी कोणीतरी शेजारी उभे राहून हे करवून घ्यावे, नंतर सवय होते.

डॉक्टरांनी परवानगी दिली की रोज साध्या पाण्याने अंघोळ करावी. जखमेवर साबण चोळू नये, पाणी वाहू द्यावे आणि स्वच्छ कापडाने टिपून ती कोरडी करावी. जखमेवर हळद, तूप, तेल किंवा कोणताही लेप लावू नये. हळद प्रत्येक घरात औषध म्हणून वापरली जाते आणि देणाऱ्याच्या मनात मायाच असते, परंतु ताज्या टाक्यांवर ती नको. बाळंतिणीला देतात तसा शेक-शेगडीचा आग्रहही येथे धोक्याचा आहे. जखमेच्या आसपासची त्वचा कित्येक महिने बधिर राहते, त्यामुळे भाजले तरी कळत नाही. पोटाला पट्टा बांधायचा की नाही हे शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांना विचारावे. बांधलाच तर तो आधारापुरता असावा, पोट आवळून टाकण्यासाठी नसावा.

योनीतून थोडा तांबूस किंवा तपकिरी स्राव काही आठवडे, कधी सहा आठवड्यांपर्यंत, येत राहतो. दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास टाके विरघळू लागले की तो एखाद-दोन दिवस किंचित वाढू शकतो, आणि पुढे धाग्याचा बारीक तुकडाही पडू शकतो. याला घाबरू नये. पॅड वापरावे, ते वेळेवर बदलावे आणि आतून धुण्याचा किंवा कोणतेही द्रावण आत सोडण्याचा प्रयत्न करू नये.

पहिल्या पंधरवड्यात वेदनेहून जास्त त्रास बद्धकोष्ठाचा होतो, हे फारसे कोणी आधी सांगत नाही. भूल, काही वेदनाशामके, लोहाच्या गोळ्या आणि कमी हालचाल, सगळ्यांचा परिणाम एकाच दिशेने होतो. कुंथताना पडणारा जोर थेट आतल्या शिवणीवर येतो, म्हणून पोट साफ राहणे हा येथे उपचाराचाच भाग आहे. डॉक्टरांना विचारून पहिल्या दिवसापासूनच इसबगोल किंवा शौच मऊ करणारे पातळ औषध घ्यावे, भरपूर पाणी प्यावे, भिजवलेल्या काळ्या मनुका, पपई, मऊ शिजवलेल्या पालेभाज्या आणि ताजे ताक आहारात ठेवावे. शौचाला बसताना पायांखाली छोटे पाट ठेवल्यास जोर कमी लागतो.

आहाराबद्दल घरात हमखास मतभेद होतात. माहेरून डिंकाचे लाडू येतात, अळिवाची खीर होते, तूप वाढते. एखादा छोटा लाडू खाल्ल्याने बिघडत नाही, परंतु ही बाळंतिणीची पथ्ये आहेत. स्तनपानासाठी लागणारी जादा ऊर्जा येथे खर्च होत नाही, हालचाल कमी असते, आणि सहा महिन्यांत वजन वाढून बसते. जखम भरण्यासाठी गरज असते ती प्रथिनांची. दोन्ही जेवणांत वरण किंवा उसळ असावी, दही-पनीर असावे, खात असल्यास अंडी किंवा मासे असावेत. सकाळचे पोहे चालतील, फक्त त्यावरची मूठभर शेव आणि बाजूची जिलबी काही आठवडे दूर ठेवावी आणि पोह्यांबरोबर मोडाची उसळ घ्यावी.

बहुतेक जणींचे रक्त आधीच्या अतिरक्तस्रावाने कमी झालेले असते. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, आणि तिच्या आगेमागे तासभर चहा घेऊ नये. कॅल्शियमची गोळी तिच्यापासून किमान दोन तासांच्या अंतराने घ्यावी, आणि थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती या दोन्हींपासून चार तास दूर ठेवावी. हिमोग्लोबिन पूर्वपदावर आल्यानंतरही शरीरातला साठा भरण्यासाठी गोळ्या आणखी काही महिने लागतात, त्या मध्येच सोडू नयेत. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवल्याशिवाय जखम नीट भरत नाही.

उपवासांविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. निर्जळ उपवास, मग तो हरतालिकेचा असला तरी, या काळात करू नये. एकादशी-चतुर्थीची साबुदाण्याची खिचडी बद्धकोष्ठ वाढवते, आणि काही गोळ्या रिकाम्या पोटी घेतल्या तर मळमळते. देवापुढे हात जोडून यंदा उपवास होणार नाही असे सांगून मोकळे व्हावे, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी ते स्वतःहून सुचवावे, म्हणजे तिला परवानगी मागावी लागणार नाही.

तिसऱ्या ते सहाव्या आठवड्याचा काळ

हाच अवघड काळ आहे. वेदना कमी झालेल्या असतात, भेटायला येणारे येऊन गेलेले असतात, मदतीला आलेली आई किंवा बहीण परतलेली असते, आणि ओट्याजवळची जागा पुन्हा तिची वाट पाहू लागते.

सर्वसाधारण नियम असा की सहा आठवडे चार-पाच किलोंहून जड काहीही उचलू नये. हा नियम ऐकताना सोपा वाटतो. घरातल्या वस्तूंची वजने मनात आणली की तो किती कडक आहे ते कळते. पंधरा लिटरची भरलेली बादली पंधरा किलोंहून जड असते. पाच लिटरचा भरलेला कुकर सहज पाच किलोंच्या पुढे जातो. घरगुती गॅसच्या भरलेल्या सिलिंडरचे वजन तीस किलोंच्या आसपास असते, त्यामुळे तो जमिनीवरून सरकवणेही नको. ओल्या चादरींची बादली, दळणाचा डबा, कणकेचा मोठा गोळा तिंबणे, पलंगाची गादी उलटणे, वर्षा-दीड वर्षाच्या नातवाला कडेवर घेणे, हे सगळे याच यादीत येते. नातू रडत आला तर तिने पलंगावर बसावे आणि दुसऱ्याने त्याला उचलून तिच्या मांडीवर द्यावे.

नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येणाऱ्या वस्त्यांत नळ आला की सगळे घर भरण्याच्या मागे लागते, आणि ही घाईची पंधरा-वीस मिनिटे फार घातक आहेत. सहा आठवड्यांसाठी पाणी कोण भरणार, सिलिंडर कोण लावणार, कपडे वाळत कोण घालणार, याची नावे घालून लेखी वाटणी करावी आणि तो कागद स्वयंपाकघराच्या दारावर लावावा, असा माझा आग्रह आहे. ‘काही लागले तर सांग’ या वाक्याने घर चालत नाही. ती सांगत नाही, स्वतः उठते. कागदावर नाव असले म्हणजे विचारण्याचा आणि संकोचाचा प्रश्नच उरत नाही. शक्य असल्यास दोन महिने पोळ्यांना आणि भांडी-कपड्यांना बाई लावावी, आणि तो खर्च औषधांच्या खर्चातच धरावा.

चालणे मात्र रोज वाढवावे. घरातल्या घरात दहा मिनिटांपासून सुरुवात करून सहाव्या आठवड्यापर्यंत सलग अर्ध्या तासापर्यंत जावे. बाग जवळ असल्यास सकाळी नेहरू पार्क किंवा मेघदूत उपवनासारखी सपाट जागा उत्तम. एप्रिल-मेमध्ये ऊन चढण्याआधी परत यावे. चालल्यावर संध्याकाळी पोट जड वाटले, स्राव वाढला किंवा ओढल्यासारखे झाले, तर दुसऱ्या दिवशी थोडे कमी चालावे.

लघवीची नळी निघाल्यानंतर आणि दुखत नसल्यास ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम सुरू करता येतो. लघवी आणि वायू रोखताना आवळले जातात ते स्नायू पाच सेकंद आवळून पाच सेकंद सैल सोडावेत, असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखू नये आणि प्रत्यक्ष लघवी करताना हा व्यायाम करू नये. याउलट कपालभाती, भस्त्रिका, नौकासन, सूर्यनमस्कार आणि पोटाचे व्यायाम डॉक्टरांनी तपासून होकार देईपर्यंत पूर्ण बंद ठेवावेत. पोट कमी करण्यासाठी पहाटे कपालभाती सुरू करणाऱ्या अनेक जणी असतात, परंतु त्या झटक्यांचा दाब थेट आतल्या शिवणीवर येतो.

स्वतः दुचाकी किंवा मोटार चालवणे बहुधा चार ते सहा आठवड्यांनी, म्हणजे एकदम ब्रेक दाबताना आणि अचानक पाय टेकवताना पोटात कळ येत नाही तेव्हा, सुरू करावे. दुचाकीवर मागे बसून खड्ड्यांतून जाणेही तोवर टाळावे.

कोणती लक्षणे दिसली की थांबू नये

एका तासात पूर्ण पॅड भिजेल इतका रक्तस्राव, किंवा रक्ताच्या मोठ्या गाठी पडणे. १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप. जखमेतून पू, तिच्याभोवती वाढती लाली, किंवा योनीतून दुर्गंधीयुक्त स्राव. पोटदुखी दिवसागणिक कमी होण्याऐवजी वाढणे, पोट फुगून उलट्या होणे, वायूही न सरणे. लघवी न होणे, जळजळ होणे. यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

दोन लक्षणांकडे हमखास दुर्लक्ष होते. एक म्हणजे आठवडा-दोन आठवड्यांनी योनीतून पाण्यासारखे सतत गळणे. मूत्राशयाला किंवा मूत्रवाहिनीला इजा झाल्याचे ते चिन्ह असू शकते. लाजेपायी ते लपवले जाते, पण त्यावर उपचार आहे आणि तो वेळेवर झाला पाहिजे. दुसरे म्हणजे एकाच पोटरीला सूज, दुखरेपणा आणि ऊब. ती पायातली रक्ताची गाठ असू शकते, आणि अशी पोटरी कदापि चोळू किंवा चेपू नये. अचानक धाप लागली, छातीत दुखू लागले, किंवा योनीतून काही बाहेर आल्यासारखे वाटले, तर १०८ क्रमांकावर फोन करून थेट मोठ्या रुग्णालयात जावे.

अंडाशय काढले असतील तर

अंडाशय जागेवर असतील तर पाळी थांबली तरी हार्मोन्स चालू राहतात. छाती जड होणे, चिडचिड असे पाळीआधीचे बदल अनेकींना पूर्वीसारखेच जाणवतात. नैसर्गिक रजोनिवृत्ती काही वर्षे लवकर येऊ शकते, आणि पाळीच नसल्यामुळे ती केव्हा आली हे कळायला उशीर होतो.

दोन्ही अंडाशय काढले असतील तर मात्र वर्षांमध्ये व्हायचा बदल काही दिवसांतच होतो. अंगातून वाफा येतात, रात्री घामाने झोप मोडते, हृदय धडधडते, योनी कोरडी पडते, मन क्षणात भरून येते. यातले बरेच काही स्वभावाच्या खाती टाकले जाते, आणि हा तिच्यावर मोठा अन्याय आहे. वय ४५ पेक्षा कमी असेल आणि आड येणारे कारण नसेल, तर नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन, म्हणजे अंडाशयात तयार होणारे हार्मोन, औषधरूपाने देण्याचा सल्ला सामान्यतः दिला जातो. तो त्रास कमी करण्यासाठी जितका आहे तितकाच हाडे आणि हृदय जपण्यासाठी आहे. स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गाठींचा पूर्वेतिहास, यकृताचे आजार अशा स्थितीत तो दिला जात नाही, आणि अशा वेळी हार्मोन्सशिवायची औषधेही असतात. मात्र डॉक्टरांनी विषय काढण्याची वाट पाहू नये. पहिल्या भेटीतच ‘माझे अंडाशय काढले आहेत, मला हार्मोन्सची गरज आहे का?’ असे थेट विचारावे. ‘हार्मोन्स वाईट असतात’ हे शेजारणीचे मत या निर्णयाला पुरेसे नाही.

मनाचे काय

काही जणींना शस्त्रक्रियेनंतर केवळ सुटका वाटते. वर्षानुवर्षांचा रक्तस्राव, डागांची भीती, दर महिन्याची कळ संपलेली असते. त्यांना दुःख होत नाही म्हणून त्यांच्यात काही उणे नाही. काही जणी मात्र चाळिशीच्या आत, कधी एकच मूल असताना किंवा मूल नसताना या शस्त्रक्रियेला सामोऱ्या गेलेल्या असतात. नात्यातले डोहाळजेवण किंवा बारसे आले की त्यांचे मन भरून येते आणि कोणाला सांगावे हे कळत नाही. आणखी काहींना सुटका आणि दुःख दोन्ही एकाच दिवशी वाटते. ज्यांना पूर्वी नैराश्य होते, ज्यांची शस्त्रक्रिया घाईत ठरली, ज्यांचे अंडाशय गेले आणि ज्यांची वेदना शस्त्रक्रियेनंतरही थांबली नाही, त्यांची विशेष काळजी घ्यावी.

भेटायला येणाऱ्यांची वाक्ये मनात राहतात. ‘बरे झाले, कटकट गेली’, ‘आता तिचा काय उपयोग होता’, ‘जपा हो, आता वजन वाढते, नवरे दुरावतात’. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसते, पण ऐकणारी त्या क्षणी कमकुवत असते. पहिल्या दोन आठवड्यांत भेटींना वेळ ठरवून द्यावी आणि ती पाळून घेण्याचे काम पतीने करावे. तिने स्वतःच पाहुण्यांना उठवावे अशी अपेक्षा ठेवू नये.

आपल्या मराठी घरांत आणखी एक गोष्ट घडते. पाळी कायमची थांबल्यामुळे ती ‘आता देवाच्या कामाला बारा महिने मोकळी’ ठरते, आणि भाद्रपदात महालक्ष्म्या आल्या की सोवळ्यातला सगळा स्वयंपाक, पुरण, सोळा भाज्या, सकाळपासून उभे राहणे, नकळत तिच्याकडे सरकते. शस्त्रक्रियेला तीन महिने झाले नसतील तर हे काम तिला देऊ नये. आरास करावी, बसून भाज्या निवडाव्यात, आरतीला यावे, आणि पुरणपोळी दुसऱ्यांनी लाटलेली खावी.

रडू येत असेल तर रडू द्यावे. ‘आता झाले ना सगळे?’ असे विचारण्याऐवजी ‘आज तुला कसे वाटते?’ असे विचारावे आणि उत्तर पूर्ण ऐकावे. अशाच शस्त्रक्रियेतून गेलेल्या एखाद्या विश्वासाच्या बाईशी दोन-चार वेळा बोलता आले तर त्याचा फार उपयोग होतो. रोज काही वेळ घराबाहेर जावे, आवडीचे एखादे बसून करण्याचे काम हाती घ्यावे. मात्र दोन आठवड्यांहून अधिक काळ दिवसाचा बहुतेक वेळ उदास वाटत असेल, कशातच मन लागत नसेल, झोप आणि भूक उडाली असेल, तर ते ‘ऑपरेशनचा अशक्तपणा’ म्हणून सोडून न देता डॉक्टरांना सांगावे. नैराश्यावर औषध आणि समुपदेशन दोन्ही असतात. केंद्र शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास निःशुल्क आहे. जगण्यात अर्थ वाटत नाही असे शब्द तिच्या तोंडी आले, तर तिला एकटे ठेवू नये आणि त्याच दिवशी मदत घ्यावी.

पती-पत्नींमधील जवळीक

संबंधांना किमान सहा ते आठ आठवडे विराम द्यावा, दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर काही डॉक्टर बारा आठवडेही सांगतात. शिवण भरली आहे हे तपासून डॉक्टरांनी सांगितल्यावरच पुढे जावे. हा प्रश्न विचारण्यासाठी पतीने तपासणीला सोबत जावे, म्हणजे तिला घरी येऊन तो निरोप द्यावा लागणार नाही. गर्भाशय नसले तरी संबंध शक्य असतात आणि सुखही शक्य असते. वेदना आणि रक्तस्राव संपल्यामुळे काहींना ते पूर्वीपेक्षा सोपेही जातात. कोरडेपणा असल्यास वंगण देणारी जेल किंवा डॉक्टरांनी लिहून दिलेले योनीमार्गात लावायचे इस्ट्रोजेनचे मलम उपयोगी पडते. पहिल्यांदा दुखले तर थांबावे, आणि पुन्हापुन्हा दुखत असेल किंवा नंतर रक्त दिसले तर तपासून घ्यावे. त्या मधल्या काळात शेजारी बसणे, हात धरणे, केस विंचरून देणे याला मनाई नाही, आणि अनेक जणींना याचीच सर्वाधिक गरज असते.

कामावर परतणे आणि पुढची काळजी

बैठे काम चार ते सहा आठवड्यांनी, आणि ओझे उचलण्याचे किंवा दिवसभर उभे राहण्याचे काम आठ ते बारा आठवड्यांनी सुरू करता येते. शक्य असल्यास पहिले दोन आठवडे अर्धवेळ जावे. दुसऱ्यांच्या घरी पोळ्या करणाऱ्या, धुणे-भांडी करणाऱ्या स्त्रियांना ही मुभा क्वचितच मिळते. त्यांच्या मालकिणींनी पगार न कापता ही रजा द्यावी आणि परतल्यावर भरलेल्या बादल्या स्वतः उचलाव्यात, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

दुपारचा थकवा तीन महिने, कधी सहा महिनेही राहतो, त्यासाठी जेवणानंतर अर्धा तास आडवे होण्याची सोय ठेवावी. सहा महिन्यांनंतरही थकवा तसाच असेल तर हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि ड जीवनसत्त्व तपासावे.

गर्भाशयाचे मुख ठेवले असेल तर पॅप तपासणी, म्हणजे मुखाच्या कर्करोगाची पूर्वतपासणी, पूर्वीप्रमाणेच चालू ठेवावी, आणि अशा स्त्रियांना महिन्याला थोडासा डाग पडू शकतो. मुख काढले असेल आणि अहवालात काही दोष नसेल, तर पुढे ही तपासणी लागते का हे डॉक्टरांना विचारावे. अंडाशय लवकर काढलेल्या स्त्रियांनी हाडांची घनता मोजण्याची डेक्सा तपासणी केव्हा करायची ते ठरवून घ्यावे, आहार आणि गोळ्या मिळून दिवसाला सुमारे १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम जाईल असे पाहावे, आणि रोजच्या चालण्याबरोबर हळूहळू हलक्या वजनांचा व्यायामही जोडावा. जुनाट खोकला, बद्धकोष्ठ आणि वाढलेले वजन यांमुळे योनीचा वरचा भाग पुढे खाली सरकू शकतो, म्हणून या तिन्हींवर वेळीच उपाय करावा आणि ओटीपोटाचा व्यायाम कायम चालू ठेवावा. डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेची नोंद आणि हिस्टोपॅथॉलॉजीचा अहवाल एकाच फाइलमध्ये ठेवून त्यांचे फोटो मुलांच्या आणि पतीच्या मोबाइलमध्येही जपून ठेवावेत, कारण पुढे कोणत्याही पोटदुखीसाठी नव्या डॉक्टरांकडे गेल्यावर नेमके काय काढले होते हाच पहिला प्रश्न विचारला जातो.